तळ्यात-मळ्यात

डिसेंबरात अडावदचा आमचा वर्ग विरळ होतो.
पटावर बेचाळीस, बाकांवर एकतीस,
उरलेले अकरा कापूस वेचायला.
मी फळ्यावर लिहितो: उत्परिवर्तन.
शब्द एवढा लांब
की जांभई त्याच्या मधल्याच अक्षरावर येते.

पुस्तक मिटलं.
तिन्ही ओळींच्या पहिल्या बाकावर
एकच वाक्य दिलं:
मळ्यात घड पिकला.
उतरवा, मागे द्या. पुढच्याचंच बघून लिहायचं,
आणि पेन डाव्या हातात.

वाक्यं परत आली तेव्हा
पहिल्या ओळीत घडाचं धड झालेलं.
मळ्यात धड पिकला! हेतल भंगाळे बाकाखाली गेली हसून.
दुसऱ्या ओळीत नुसता पाचोळा,
काना गळला, वेलांटी उडाली,
वाचताच येईना, म्हणजे ती ओळ तिथेच संपली.
तिसऱ्या ओळीत चौथ्या बाकाशी
म ची गाठ सुटली, त झाला,
आणि तिथून मागे सगळ्यांनी
इमानाने तळ्यात लिहिलं.
चूकसुद्धा वारशाने जाते, मी म्हणालो,
आणि हे वाक्य कुणीच उतरवून घेतलं नाही.

"तळ्यात चूक आहे ना सर?" मुबारक तडवी.
मग स्वतःच थांबला.
त्याच्या आजोबांची बाग हतनूरच्या फुगवट्यात गेली.
शेवटचा घड म्हणे
त्यांनी ट्यूबवर बसून कापला,
खाली कमरेपेक्षा खोल पाणी.
"आमच्याकडे बरोबर आहे," तो म्हणाला.

मला एवढंच शिकवायचं होतं.
पण शिकवण्याचा सोस सुटत नाही,
म्हणून मी बोंडअळीवर आलो.
बियाण्यात विष आलं, आणि बघा,
काही वर्षांत अळीने स्वतःला बदललं.
हात वर न करता मागून सुकलाल बोलला,
जो तोंडी परीक्षेत कधी तोंड उघडत नाही:
"अळी बदलनी नही सर.
जी पहिलेपासून येगळी व्हती तीच उरनी.
बाकीन्या मरी ग्यात."
चौदा वर्षं मी हे वाक्य
नीट सांगायचा प्रयत्न करतोय.
खडू त्याच्या हातात दिला, तो लाजला,
शर्टाला पुसून परत केला.

तास संपायला पाच मिनिटं होती.
रमिला पावरा उठून उभी राहिली.
तिच्या दप्तरात तपासणीचं कार्ड आहे, हे मला माहीत होतं,
म्हणूनच रक्ताचं उदाहरण
मी दरवर्षी घाईत उरकतो:
सहाव्या शब्दातलं एकच अक्षर फिरतं,
गोल पेशी विळ्यासारखी वाकते.

ती म्हणाली, "आईकडून एक वही येते, बाकडून एक.
माझ्या एकाच वहीत चूक आहे.
डॉक्टर म्हणाले,
पूर्वी रानात हिवतापात अशीच माणसं जास्त जगली.
मग सर, मी तळ्यात की मळ्यात?"

कुणी हसलं नाही. हा खेळ सगळ्यांना येतो,
रेघेच्या अलीकडे, पलीकडे,
आणि ओरडणारा कधी काय ओरडेल
ते उडी मारणाऱ्याच्या हातात नसतं.

"डास किती आहेत त्यावर," मी म्हणालो.
ती जराशी हसली. मग बसली.
मग बसल्या बसल्याच, वहीकडे बघत:
"दिलवरच्या दोन्ही वह्यांत आहे."

दिलवर तिचा भाऊ. वर्षानं मोठा,
पण एक अख्खं साल जळगावच्या दवाखान्यात गेलं
म्हणून आता तिच्याच वर्गात.
गुडघे दुखायला लागले की
थंडीत चादर चावतो, आवाज करत नाही.

वर मी लिहिलं,
अकरा जण कापूस वेचायला गेले.
उतरवताना चुकलो.
दहा.